कोब्याखालची नळी

कॅनडातल्या एडमंटनमध्ये माझ्या भाच्याच्या घरात, तळघरातल्या बॉयलरशेजारी, पाण्याचा दाब दाखवणारा एक वाटीएवढा गोल गेज आहे. कामावर जाण्याआधी भाचा रोज त्यावर नजर टाकतो. काटा पंधराच्या आसपास असला की जीव थंड. गेल्या जानेवारीत मी त्याच्याकडे होतो तेव्हा एका सोमवारी तो काटा बारावर दिसला, बुधवारी नऊवर आणि शनिवारी सकाळी सहाच्याही खाली. बाहेर उणे एकतीस अंश होते आणि खिडकीच्या काचेला आतून बर्फाची नक्षी धरली होती.

"मामा, पाणी कुठंतरी चाललंय," भाचा म्हणाला.

कुठे, ते दिसत नव्हते. तळघराची फरशी कोरडी ठणठणीत होती.

ते घर तापते फरशीतून. खोलीत हीटर नाही, गरम हवेचा झोत नाही. फरशीखालच्या काँक्रिटमध्ये प्लॅस्टिकच्या नळ्या नागमोडी टाकलेल्या आहेत आणि त्यांतून कोमट पाणी फिरते. फरशी तापली की घर तापते. पाणी तेच ते, वर्षानुवर्षे फिरणारे, बंदिस्त. म्हणून काटा खाली आला तर त्याचा अर्थ एकच, आतले पाणी कमी होते आहे.

भाच्याने पहिला फोन तिथल्या कुठल्या कंपनीला केला नाही, नागपूरजवळच्या कुहीला केला. माझे भाऊजी, म्हणजे त्याचे वडील, कुहीत चौतीस वर्षे नळ फिटिंगचे काम करत आले आहेत. तिकडे संध्याकाळचे आठ वाजले होते. सपरीत खाटेवर बसलेले भाऊजी पडद्यावर दिसले, अंगावर कांबळ, मागे ताई तांदूळ निवडत होती. त्यांनी सगळे ऐकून घेतले, गेज दाखवायला सांगितला, मग म्हणाले, "पयले पाना खाली ठेव. पानी कुठून जाऊन राह्यलं ते माहीत नसतानी काहीच खोलू नोको. जिथं जिथं जोड हाये ते सारे पाय. मधातल्या नळीवर शंका मागून घेजो."

फरशीत नळ्या घालून घर तापवणे ही गोष्ट भाऊजींनी आयुष्यात पाहिली नव्हती. तरी त्या दिवशी त्यांनी सांगितलेला क्रम आणि दोन दिवसांनी आलेल्या तिथल्या कारागिराने पाळलेला क्रम एकच होता. हा लेख लिहावासा वाटला तो त्यामुळे.

आपल्याकडे जमिनीतून ऊब मिळवण्याची गरज कधी पडली नाही. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर उतरला होता, त्या रात्री कुहीतही चौकाचौकांत शेकोट्या होत्या, पण अशा रात्री वर्षात दहा-पंधरा. आपली जमीन सारवलेली असो की शहाबादी, तिचे काम थंड राहायचे. उन्हाळ्यात दुपारी उघड्या अंगाने फरशीवर पडण्याचे सुख कुहीच्या माणसाला सांगावे लागत नाही. भाच्याच्या घरात मात्र उलटे होते. उन्हात तापलेला ओटा दिवेलागणीला जसा कोमट असतो, तशी फरशी चोवीस तास. तळपाय गरम, डोके मोकळे. माणसे वावरतात तिथे फरशीचा पृष्ठभाग २९ अंशांपेक्षा जास्त तापू द्यायचा नाही, असा युरोपातला नियम आहे, म्हणून चटका बसत नाही. नळीतले पाणीही साधारण ३५ ते ४५ अंशांचेच, म्हणजे आपल्या आंघोळीच्या पाण्याइतके.

ही कल्पना फार जुनी. रोमन लोक विटांच्या बुटक्या खांबांवर फरशी उचलून धरत आणि खालून भट्टीची गरम हवा खेळवत. कोरियात घराघरांतून हे चालत आले. स्वयंपाकघरातल्या चुलीचा धूर दगडी फरशीखालच्या बोळांतून फिरवून पलीकडच्या धुराड्याने बाहेर काढायचा, म्हणजे भातही शिजतो आणि झोपायची जागाही तापते. या रचनेला ते ओंडोल म्हणतात, शब्दशः गरम दगड. २०१८ मध्ये कोरियाने तिला राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला. पण त्याच ओंडोलने माणसे मारलीही. लाकडाऐवजी कोळशाच्या वड्या जळू लागल्या, फरशीला केसाएवढी चीर पडली की विषारी वायू झोपलेल्यांच्या खोलीत येई, आणि सकाळी आख्खे कुटुंब उठत नसे. धुराच्या जागी गरम पाण्याच्या नळ्या आल्या त्याचे एक मोठे कारण हे. फरशीखालची गळती तिथे जीव घेत होती.

अमेरिकेत हे लोण नेले फ्रँक लॉइड राइट या वास्तुविशारदाने. जपानमध्ये एका घरात कोरियन पद्धतीची तापलेली खोली त्याने अनुभवली होती. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन गावी १९३७ मध्ये त्याने बांधलेल्या जेकब्ज कुटुंबाच्या छोट्या घरात फरशीखाली नळ टाकले. दहा वर्षांनी न्यूयॉर्कजवळ बटाट्याच्या शेतांवर लेव्हिटटाउन उभे राहू लागले. महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी, कारखान्यात माल निघावा तशी घरे, १९५१ पर्यंत सतरा हजारांहून अधिक. तळघर नाही, जमिनीवर थेट काँक्रिटचा थर आणि त्यात तांब्याच्या नळ्या. काही वर्षे सारे उत्तम चालले. मग काँक्रिट थोडे बसले, तडकले, तांबे जागोजाग खाल्ले गेले आणि फरशीखाली पाणी पाझरू लागले. कितीतरी घरमालकांनी शोध घेण्याचा नाद सोडला, फरशीतल्या नळ्या तशाच मेल्या राहू दिल्या आणि भिंतीकडेने नवे हीटर बसवून घेतले. आपल्याकडे गावातला जुना लोखंडी नळ जमिनीतच सोडून वरून नवा टाकतात, त्याची आठवण होते.

आज तांबे जाऊन तिथे पेक्स आले आहे. साध्या पॉलिथिनचे लांब धागे एकमेकांना आडवे सांधून टाकले की जे प्लॅस्टिक तयार होते ते हे. जर्मनीत थॉमस एंगेल यांनी १९६८ च्या सुमारास त्याची एक रीत काढली आणि स्वीडनच्या विर्स्बो कंपनीने १९७२ पासून नळ्या बनवायला घेतल्या. ही नळी गंजत नाही, उष्णतेने मऊ पडून वाहून जात नाही, आणि शंभर मीटरचे एकच वेटोळे असल्याने काँक्रिटमध्ये सांधा ठेवावा लागत नाही. मुख्य गुण हा शेवटचा. प्रत्येक नवे प्लॅस्टिक असे निघाले नाही. गुडइयरने बनवलेली एक रबरी नळी नव्वदीच्या आसपास उत्तर अमेरिकेतल्या पुष्कळ घरांत फरशीखाली गेली, ती आतून कडक होऊन सांध्यांपाशी गळू लागली, अमेरिका आणि कॅनडात सामूहिक दावे झाले आणि तडजोडीत भरपाई द्यावी लागली. माल निवडताना दोन पैशांकडे पाहायचे नाही, हे भाऊजी लोखंडी नळाबद्दलही बोलत आले आहेत. नागपूरच्या इतवारीतल्या लोहा ओळीत ते नळ उचलायचे ते वजन तळहातावर तोलून. आत डोळा घालून शिवण पाहिल्याशिवाय पैसे काढायचे नाहीत.

एडमंटनला कारागीर आला सोमवारी. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. आल्याआल्या त्याने जमिनीकडे पाहिलेसुद्धा नाही. आधी बॉयलर पाहिला, मग जास्त दाब झाला की पाणी सोडून देणारा व्हॉल्व्ह, त्याखाली कागद धरून ओल येते का ते पाहिले. मग पाणी तापून फुगते त्याला जागा देणारी लाल टाकी बोटांनी वाजवून पाहिली. नंतर भिंतीवरची पितळी पट्टी. या पट्टीतून फरशीच्या आठ वेटोळ्यांना आठ नळ्या फुटतात आणि आठ परत येतात, प्रत्येकीला स्वतंत्र तोटी. फोनवर भाऊजी होतेच. "हे तं आपल्या टाकीखालच्या व्हॉल्व्हच्या लायनीवानी हाये," ते म्हणाले, आणि खरोखर तसेच होते.

कारागिराने आठही तोट्या बंद केल्या. मग एकेका वेटोळ्यातले पाणी काढून त्यात हवा भरली, गेज लावला आणि घड्याळ पाहत बसला. पहिले वेटोळे, काटा स्थिर. दुसरे, स्थिर. पाचव्याला काटा हळूहळू, डोळ्यांना दिसेल न दिसेल असा, खाली येऊ लागला. त्याने पाचवर लाल चिकटपट्टी लावली आणि बाकीची सात पाण्याने भरून चालू करून दिली. हे झाले तेव्हा दुपार टळायची होती. घर थंड पडले नाही. एक खोली सोडून बाकी सगळे तापत राहिले. कुणाला घाई असेल तर इथेच थांबता येते. एक वेटोळे कायमचे बंद ठेवायचे, त्या खोलीत विजेचा हीटर लावायचा आणि फरशी फोडायची नाही. काही जण नळीत गळती बुजवणारे द्रव सोडतात. बारीक पाझराला त्याचा उपयोग होतो, पण तेच द्रव पंपात आणि बारीक तोट्यांत जाऊन बसले तर दुसरे दुखणे उभे राहते. भाच्याने दोन्ही नको म्हटले. ती खोली त्याच्या आईबाबांसाठी होती, ते उन्हाळ्यात यायचे होते.

आता प्रश्न उरला जागेचा. पाचवे वेटोळे सत्तर-ऐंशी मीटरचे, एका खोलीच्या पोटात वीत-वीत अंतराने आडवे-तिडवे पसरलेले. घर भाच्याने दुसऱ्याकडून घेतलेले, त्यामुळे नळ्यांचा नकाशा त्याच्याकडे नव्हता. आधीच्या मालकाकडेही नव्हता.

कारागिराने खोली तासभर थंड होऊ दिली आणि मग पाचव्या वेटोळ्यात एकदम गरम पाणी सोडले. हातात उष्णता दाखवणारा कॅमेरा. पडद्यावर आधी सगळे निळे-जांभळे होते, मग दाराच्या कोपऱ्यातून एक पिवळी रेघ निघाली, भिंतीपाशी वळली, परत आली, पुन्हा वळली. बोटांतून रांगोळी सुटत जावी तशी ती नळी आमच्या डोळ्यांपुढे फरशीवर उमटत गेली. पश्चिमेच्या लाकडी पार्टिशनपासून हातभर अंतरावर त्या रेघेला एक पिवळा डाग लागला, पसरट, कडा विरघळलेल्या.

"हेच," मी म्हणालो.

कारागिराने मान हलवली. तो कॅमेरा फरशीचा वरचा ताप दाखवतो, खालचे पाणी दाखवत नाही. काँक्रिटखाली थर्मोकोलचे तक्ते असतात, त्यावर प्लॅस्टिकचा कागद. भोकातून निघालेले पाणी त्या कागदावरून उताराकडे जाते आणि भलत्याच ठिकाणी वर येते. डाग दिसला तिथे फोडले तर ओले काँक्रिट मिळेल, भोक मिळेलच असे नाही. छतातून गळणाऱ्या घरात राहिलेल्या माणसाला हे ठाऊक असते. कौल फुटलेले असते एकीकडे आणि थेंब पडतो दुसरीकडे.

त्याने गाडीतून एक छोटे सिलिंडर आणले. त्यात पाच टक्के हायड्रोजन आणि पंचाण्णव टक्के नायट्रोजन, पेट न घेणारे मिश्रण. नळीतले पाणी पूर्ण काढून हा वायू आत भरला. हायड्रोजन सगळ्यांत हलका वायू आणि त्याचा कण अतिशय लहान, तो काँक्रिटच्या सूक्ष्म भोकांतून सरळ वर निघतो. मग काठीच्या टोकाला बसवलेले यंत्राचे नाक जमिनीला लावून तो गुडघ्यांवर सरकू लागला, बोटभर, बोटभर. खोलीत कुणी बोलत नव्हते. कुहीकडे ताईसुद्धा तांदळाचे सूप बाजूला ठेवून पडद्याजवळ येऊन बसली होती. पिवळ्या डागाजवळ यंत्र गप्पच राहिले. पार्टिशनच्या बुडाशी, जिथे लाकडाची आडवी पट्टी फरशीला ठोकलेली असते, तिथे ते किंचाळले.

पट्टी काढली. खाली ओळीने खिळे. त्यातला एक बरोबर नळीच्या वाटेवर.

हे पार्टिशन घर विकत घेण्याच्या आधीपासूनचे, म्हणजे किमान चार वर्षे जुने. मग पाणी आत्ताच कसे जाऊ लागले? कारागीर म्हणाला, अशी प्रकरणे त्याने बरीच पाहिली आहेत. खिळा नळीत घुसतो, पण घुसलेला खिळाच त्या भोकाचे बूच होतो. वर्षे जातात. खिळा गंजून बारीक होतो, नळी रोज तापून-निवून थोडी थोडी हलते आणि एका थंडीत बूच सैल पडते. ज्याने खिळा ठोकला त्याला काही कळलेले नसते, ज्याच्या घरात गळते त्याला कोण ठोकून गेला ते कळत नाही. दाराचा अडसर बसवताना, गालिच्याची पट्टी ठोकताना, कमोडचे बोल्ट घट्ट करताना, अशाच एखाद्या क्षुल्लक कामात या नळ्यांना भोके पडतात. नळी स्वतःहून फुटण्याचे प्रकार त्या मानाने थोडे, आणि त्यातला एक मोठा प्रकार म्हणजे हिवाळ्यात दिवसचे दिवस वीज जाऊन आतले पाणी गोठणे.

खिळ्याभोवती खडूने दीड फुटाचा चौकोन आखला गेला. पातीच्या यंत्राने कडा कापल्या, त्याही उथळ, इंचभर. तिथून पुढे यंत्र बंद. त्याने छन्नी आणि लहान हातोडी घेतली. ठोके हलके, तिरके, बाहेरून आत. प्रत्येक चार ठोक्यांनंतर ब्रशने भुकटी झाडायची, बोट फिरवायचे, पुन्हा चार ठोके. काँक्रिटचे खपले निघत होते, त्यांना ओल्या सिमेंटचा वास होता. दोन इंचांवर नळीची पाठ दिसली. पडद्यावरून भाऊजींचा आवाज आला, "आता हळू. आता लय हळू." कारागिराला मराठीचा शब्द कळत नव्हता, पण त्याचा हात त्याच क्षणी आणखी हलका झाला.

नळीचा बाहेरचा व्यास जेमतेम पाच सूत. भोक ज्वारीच्या दाण्याहून लहान.

भोकावर काही लावायचे नाही. खराब झालेला भाग कापूनच काढायचा. धारदार कातरीने नळी दोन्हीकडे काटकोनात कापली, मधला वीतभर तुकडा गेला. त्याच मापाचा नवा तुकडा घेतला. आता जोडणी, आणि इथे भाऊजींनी फोन ताईच्या हातात देऊन चष्मा पुसला. कारागिराने नळीच्या टोकावर एक प्लॅस्टिकची कडी चढवली, पक्कडीसारखे हत्यार आत घालून टोक फुलवले, पुन्हा फुलवले, आणि फुललेल्या तोंडात पितळी जोड सारून हात काढून घेतला. नळी आपसूक आवळू लागली. दहा-पंधरा सेकंदांत तिने जोड असा धरला की ओढून निघेना. सूत नाही, सफेदा नाही, टेप नाही, सोल्यूशन नाही. या नळीला आपला मूळ आकार आठवतो. ती मुडपली, चिमटली, तर गरम हवेच्या बंदुकीने शेकतात. तापली की दुधी रंग जाऊन ती काचेसारखी पारदर्शक होते, मुडप आपोआप सरळ होते आणि थंड होताना पुन्हा दुधी होते. कारागिराने उरलेल्या तुकड्यावर हे करून दाखवले. भाऊजींनी ते दोनदा करून घेतले.

असे चार टोकांचे दोन जोड झाले. पितळेला ओले सिमेंट खाते म्हणून त्यावर आवरण गुंडाळले. मग पुन्हा दाब, नेहमीच्या कितीतरी पट, आणि रात्रभर तसाच. सकाळी काटा हलला नव्हता. तरीही दाब उतरवला नाही. काँक्रिट भरताना नळीत दाब असावाच लागतो, म्हणजे थापीचे टोक लागून काही झाले तर लगेच कळते. नवे घर बांधतानाही युरोपातला दंडक असाच आहे, कोबा टाकण्याआधी चार ते सहा बारचा दाब देऊन पाहायचा आणि कोबा टाकताना दाब ठेवायचा. सिमेंटचा कोबा झाल्यावर एकवीस दिवस त्याला तापवायचे नाही, आणि तापवायचे तेही आधी तीन दिवस पंचवीस अंशांपर्यंतच. त्यामुळे ती एक खोली जानेवारी संपेपर्यंत थंडच राहिली. घाई केली असती तर नवा थर तडकला असता.

पण काँक्रिट भरण्याआधी कारागिराने जे केले, त्यासाठी मी त्याला मनोमन हात जोडले. त्याने खड्ड्यात मोजपट्टी आडवी ठेवली, पश्चिमेच्या भिंतीपासून एक आणि दाराच्या चौकटीपासून दुसरी, आणि फोटो काढले. एकूण सहा. एक प्रत छापून त्याने पितळी पट्टीच्या झाकणाच्या आत चिकटवली. त्यावर तारीख, वेटोळ्याचा क्रमांक आणि दोन्ही जोडांची मापे लिहिली.

फोन बंद करण्याआधी भाऊजी म्हणाले, "हे आपल्याकडं कोनी केलं असतं तं माये अर्धे केस काळे राह्यले असते."

मी फेब्रुवारीत परतलो आणि त्यांच्यासोबत चार दिवस कुहीत फिरलो. कुही नागपूरपासून चाळीसेक किलोमीटरवर, एका बाजूला उमरेड, दुसऱ्या बाजूला वैनगंगा. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ ला झाली, आणि पुढे जलाशयाचे पाणी चढले तेव्हा या तालुक्यातली गावे उठली, नव्या वसाहती झाल्या, तिथे नवे रस्ते, नवे नळ. अशा एका वसाहतीत भाऊजींनी पंधरा वर्षे दुरुस्त्या केल्या. नळ कुठून गेला आहे याचा कागद त्यांना कधी पाहायला मिळाला नाही. ज्यांनी टाकला ती माणसे कामे संपवून निघून गेली होती. "नळ कुठं हाये हे सांगाले एकच मानूस होता, मजूर होता थो, अन् थो वारला," ते म्हणाले.

त्यांची शोधायची रीत साधी आहे. रात्री दोनच्या पुढे, गाव झोपले आणि मोटारी बंद झाल्या की ते निघतात. हातात चार फुटी लोखंडी सळई. तिचे एक टोक जमिनीवर, तोटीवर, व्हॉल्व्हवर टेकवायचे आणि दुसरे कानामागच्या हाडाला लावायचे. दाबाखालचे पाणी भोकातून निघताना आवाज करते, आणि तो आवाज लोखंडातून हाडात येतो. मी लावून पाहिली. आधी काहीच नाही, मग स्वतःच्या छातीचे ठोके, आणि त्यांच्यामागे खूप दूर, कुणीतरी दातांतून हवा सोडत असावे तसा एक सूर. भाऊजी तीन ठिकाणी ऐकून सांगतात, इथून तिथे वाढला, तिथून पुढे कमी झाला, म्हणजे खड्डा इथे. महापालिकांकडे याच कामाची इलेक्ट्रॉनिक यंत्रे असतात. दोन टोकांना सूक्ष्म कान लावून आवाज पोचायला लागणाऱ्या वेळेच्या फरकावरून ती अंतर काढतात. तत्त्व सळईचेच.

पण सळई लोखंडी नळावर बोलते, प्लॅस्टिकवर मुकी होते. प्लॅस्टिक आवाज पिऊन टाकते. आणि आता सगळीकडे प्लॅस्टिकच आहे. १५ ऑगस्ट २०१९ ला जलजीवन मिशन जाहीर झाले, दर घरी नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी हे त्याचे माप. गावोगाव गल्ल्या उकरल्या गेल्या. हे काम व्हायलाच हवे होते. डोक्यावर हंडे वाहून मान गेलेल्या बाया मी माझ्याच घरात पाहिल्या आहेत. पण नळ पुरून झाल्यावर वरून सिमेंटचा रस्ता होतो, आणि त्यानंतर तो नळ नेमका कुठे वळला, फाटा कुठे फुटला, व्हॉल्व्ह कुठे गाडला गेला, हे दोन-तीन माणसांच्या डोक्यात राहते. गळती लागली की अंदाजाने रस्ता फोडतात. एका गल्लीत एकाच गळतीसाठी पाडलेले चार खड्डे भाऊजींनी मला दाखवले. चौथ्यात भोक सापडले होते.

घरांचीही तीच गत. भिंतीत, फरशीत नळ लपवण्याची हौस आता कुहीतही आली आहे. दिसायला छान दिसते. माझ्या नागपुरातल्या फ्लॅटमध्ये न्हाणीघराच्या बाहेरच्या भिंतीला दोन पावसाळे ओल होती. मी तीन ठिकाणी टाइल फोडल्या, तिन्ही चुकीच्या. बांधणाऱ्याकडे नळांचा नकाशा मागितला तेव्हा त्याने इमारतीच्या जाहिरातीतला नकाशा पाठवला, ज्यात सोफा कुठे ठेवायचा ते होते.

फरशीतल्या नळ्या आपल्याकडे येतील का, असे भाच्याने एकदा विचारले. ऊब द्यायला कशाला येतील. गारवा द्यायला येऊ शकतात, आल्याही आहेत. हैदराबादजवळ पोचारमला इन्फोसिसच्या २०११ मधल्या एका इमारतीचा अर्धा भाग नेहमीच्या वातानुकूलनाने आणि अर्धा भाग स्लॅबमधल्या थंड पाण्याच्या नळ्यांनी गार ठेवून दोन्हींचा वीजखर्च शेजारी शेजारी मोजला गेला. नळ्यांच्या बाजूला सुमारे एक तृतीयांश वीज कमी लागली. बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळाची फरशीही २००६ पासून अशीच थंड ठेवली जाते. मे महिन्याच्या दुपारी आपल्याकडे हवा ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर दव धरायला पृष्ठभाग १२ अंशांपर्यंत थंड व्हावा लागतो, म्हणजे वीस अंशांची फरशी कोरडी राहील. जुलैत हवा ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के झाली की तीच फरशी घामेजून निसरडी होईल, कारण तेव्हा २७ अंशांवरच दव धरते. हवा कोरडी करणारे वेगळे यंत्र नसेल तर आपल्या वाळ्याच्या कूलरसारखीच तीही पावसाळ्यात कामाची नाही, आणि कूलरसोबत एकाच खोलीत तर मुळीच नाही, कारण कूलर हवेत ओल भरतो. तरीही ही गोष्ट दवाखान्यांत, मोठ्या कचेऱ्यांत इकडे येईल असे मला वाटते. आली की तिच्याही नळ्या कोब्याखालीच जातील.

भाऊजी साठीला आले आहेत. त्यांच्याकडे एक जुनी वही आहे, लांबट, किराणा दुकानातली. तिच्यात कुहीतल्या शेकडो घरांचे नळ आहेत. पेन्सिलीने काढलेली भिंत, बाण, "विहिरीच्या कठड्यापासून सात पावले", "तुळशीच्या डावीकडून". तिची ओली झालेली पाने ताईने उन्हात वाळवून शिवली आहेत. एडमंटनहून आल्यावर मी त्या वहीचे सगळे फोटो काढून भाच्याला पाठवले. तो आता रविवारी बसून ते घरवार लावतो आहे, आणि भाऊजी त्याला फोनवर कोणते घर कुणाचे ते सांगतात.

दिवाळीच्या पुढेमागे घराघरांत रंग निघतो, फरश्या बदलतात, न्हाणीघरे नवी होतात. तुमच्याकडे यंदा असे काम निघणार असेल तर मिस्त्रीला अर्धा तास थांबवा. नळ उघडे आहेत, कोबा पडायचा आहे, तेवढ्यात मोजपट्टी आडवी-उभी ठेवून प्रत्येक भिंतीचा आणि फरशीचा फोटो काढा. नळात दाब ठेवूनच कोबा टाकायला सांगा. फोटोची एक छापील प्रत विजेच्या मीटरच्या पेटीत ठेवा. गल्लीत नळाचे काम चालू असेल तर तिथलेही फोटो काढून तारीख घालून ग्रामपंचायतीत द्या, आणि पोच घ्या.